खाजगी शाळांतील अभ्यासक्रम (वर्धा जिल्हा व महाराष्ट्र)

शासन अथवा स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याऐवजी व्यक्ती, विश्वस्त मंडळे, धर्मसंस्था किंवा नोंदणीकृत शिक्षणसंस्था यांनी चालविलेल्या शाळांना सामान्यतः खाजगी शाळा म्हणतात. अशा शाळांत कोणते विषय, कोणत्या क्रमाने, कोणत्या भाषेतून आणि कोणत्या हेतूने शिकवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील एक मूलभूत प्रश्न आहे. शाळा काढणारी संस्था, अनुदान देणारे शासन, परीक्षा घेणारे विद्यापीठ अथवा मंडळ आणि मूल शाळेत धाडणारा पालक असे चार पक्ष या प्रश्नात गुंतलेले असतात. त्यांपैकी ज्याचा जोर अधिक, त्याच्या कलाने अभ्यासक्रमाचे स्वरूप ठरत आले आहे. या इतिहासात वर्धा जिल्ह्याला विशेष स्थान आहे. येथील एका खाजगी विद्यालयाच्या वास्तूत १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेतून राष्ट्रव्यापी अभ्यासक्रमाची योजना जन्माला आली, आणि खाजगी प्रयत्नाने किती साधता येते व तो कोठे अडतो, या दोन्ही गोष्टींचा पडताळा याच जिल्ह्यात आला.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अंमलापूर्वी महाराष्ट्रातील बहुतेक शाळा आजच्या अर्थाने खाजगीच होत्या. गावातील पंतोजी देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत मुले जमवून शिकवीत. धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, मोडी लेखन व वाचन, उजळणी, पावकी, निमकी, दिडकी यांसारखे अपूर्णांकांचे पाढे, तोंडी हिशेब व पाठांतर एवढा त्यांचा अभ्यासक्रम असे. तो छापलेला नव्हता, त्यावर कोणाची देखरेख नव्हती आणि परीक्षाही नव्हती; कुलकर्ण्याचे दप्तर, सावकाराची वही आणि घरचा व्यवहार यांना लागणारे ज्ञान हीच त्याची कसोटी. वेदपाठशाळा व मक्तब यांची परंपरा वेगळी होती. या सर्व शाळांची मोठी मर्यादा अशी, की मुली व तथाकथित अस्पृश्य जातींची मुले यांना त्यांत जवळजवळ प्रवेश नव्हता. अभ्यासक्रम मोकळा होता, परंतु शाळेचे दार मोकळे नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून मिशनऱ्यांनी मुंबईत शाळा काढल्या. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. जॉन विल्सन यांनी मुंबईत व स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये नागपुरात काढलेल्या शाळांत इंग्रजी, भूगोल, गणित, सृष्टिज्ञान हे नवे विषय आले व त्यांच्या जोडीला बायबलचा तास आला. नव्या विद्येसाठी मुलांना तेथे धाडावे, तर धर्मांतराची भीती, अशा पेचात एतद्देशीय समाज सापडला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी काढलेली शाळा हे या पेचाला मिळालेले एक स्वतंत्र उत्तर होय. शाळा खाजगी, शिक्षण लौकिक आणि प्रवेश आजवर वगळलेल्यांना, असा तिचा विशेष होता.

अनुदान आणि परीक्षा : १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. अनुदान लौकिक शिक्षणासाठी द्यावयाचे, तपासनिसाने धार्मिक शिक्षणाची दखल घ्यावयाची नाही, असे त्याचे तत्त्व होते. मिशनच्या शाळांना त्यामुळे धर्मशिक्षण चालू ठेवूनही साहाय्य मिळू शकले. तथापि अनुदानाबरोबर तपासणी आली व तपासणीबरोबर ठरीव अभ्यासक्रम आला. मुंबई इलाख्यात काही काळ निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत होती. विद्यार्थी ठरावीक विषयांत किती उत्तीर्ण झाले, यावर शाळेची रक्कम अवलंबून असल्याने परीक्षेत न येणारे सर्व काही शाळेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरले. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पद्धत मागे पडली, परंतु तिने लावलेली सवय गेली नाही.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिकची परीक्षा हीच माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमाची अंतिम मर्यादा बनली. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षण क्रमाक्रमाने खाजगी संस्थांकडे सोपवावे, तसेच वरच्या वर्गांत विद्यापीठाकडे नेणारी एक व व्यापारी आणि इतर व्यावहारिक जीवनासाठी दुसरी अशा दोन शाखा असाव्यात, अशी शिफारस केली. पहिली शिफारस पुष्कळ अंशी अंमलात आली. दुसरी बहुतांशी कागदावर राहिली. नोकरी मॅट्रिकवाल्यास मिळत असल्याने पालकांनीही दुसरी शाखा मागितली नाही. याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, त्यात मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचे धडे असावेत, अशी त्यांची मागणी होती. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीपासून न तोडता शहाणे करणारा अभ्यासक्रम हा विचार येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडलेला दिसतो.

राष्ट्रीय व सामाजिक हेतूंच्या शाळा : विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व त्यांचे सहकारी यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. शाळा एतद्देशीयांची, शिक्षक ध्येयवादी व अल्प वेतनावर काम करणारे. अभ्यासक्रम मात्र मॅट्रिकचाच. शिक्षण स्वस्त व सार्वत्रिक करणे हा त्या पिढीचा पहिला हेतू होता. विषयांची फेरमांडणी करण्याचा प्रश्न पुढच्या टप्प्यात आला. स्वदेशीच्या चळवळीत राष्ट्रीय शिक्षणाचा पुरस्कार होऊ लागला व विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयाने मातृभाषेतून शिक्षण, हस्तव्यवसाय, धर्म व स्वदेशाचा इतिहास यांवर भर देणारा स्वतंत्र क्रम आखला. तळेगाव दाभाडे येथील हे विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. अनुदान नाकारून अभ्यासक्रमाचे स्वातंत्र्य मिळविता येते, परंतु राज्यसत्तेला तो अभ्यासक्रम धोक्याचा वाटल्यास शाळेचे अस्तित्वच संकटात येते, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

धोंडो केशव कर्वे यांनी वेगळा मार्ग अनुसरला. हिंगणे येथील महिला विद्यालय (१९०७) व त्यानंतरचे महिला विद्यापीठ (१९१६) यांत मातृभाषा हे माध्यम ठेवून गृहजीवनशास्त्र व आरोग्य यांना स्थान देण्यात आले. सरकारी मान्यतेवाचून हे विद्यापीठ दीर्घकाळ चालले. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम हा त्यांच्या गरजेचा आदर की त्यांच्या कक्षेवरील मर्यादा, हा त्या वेळी उपस्थित झालेला वाद पुढेही चालू राहिला. ग्रामीण बहुजन समाजासाठी भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था (१९१९) आणि विदर्भात पंजाबराव देशमुख यांची श्री शिवाजी शिक्षण संस्था, अमरावती (१९३२) यांनी शाळा व वसतिगृहे काढली. भाऊरावांच्या संस्थेत श्रम करून शिकण्याची पद्धत रुजली. तथापि तेथे श्रम हे प्रामुख्याने शिक्षणाचा खर्च भागविण्याचे व स्वाभिमान जोपासण्याचे साधन होते. वर्गातील विषय मान्य अभ्यासक्रमाप्रमाणेच चालत. हा भेद वर्धा योजना समजून घेण्यास उपयुक्त आहे.

वर्धा शिक्षण परिषद : कापसाच्या शेतीवर जगणारा वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने वर्ध्यास मारवाडी विद्यालय चालू झाले होते. हेच पुढे नवभारत विद्यालय म्हणून ओळखले गेले. महात्मा गांधी १९३४ पासून वर्ध्यास व १९३६ पासून जवळच्या शेगाव या खेड्यात राहू लागले. या खेड्याचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम असे झाले. १९३७ मध्ये प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळे आल्यावर सार्वत्रिक शिक्षणाचा खर्च कोठून आणावयाचा, हा प्रश्न तातडीचा झाला. दारूबंदी करावी तर अबकारी उत्पन्न बुडते आणि शाळांना पैसा उरत नाही, अशी अडचण होती. गांधींनी हरिजन साप्ताहिकातून उत्पादक हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला. मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी देशातील शिक्षणतज्ज्ञ व प्रांतांचे शिक्षणमंत्री यांची परिषद तेथे भरली.

परिषदेने चार ठराव संमत केले. सात वर्षांचे शिक्षण सर्वत्र मोफत व सक्तीचे असावे. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे. संपूर्ण शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे व तो उद्योग मुलाच्या परिसराला धरून निवडावा. आणि या पद्धतीतून शिक्षकाचे वेतन क्रमाक्रमाने निघू शकेल, अशी अपेक्षा करावी. तपशील ठरविण्यासाठी झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तीत ई. डब्ल्यू. आर्यनायकम्, ख्वाजा गुलाम सैयिदैन, विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह व आशादेवी यांचा समावेश होता. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली व तिच्या कार्यवाहीसाठी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन त्याचे कार्यालय सेवाग्राम येथे आले. झाकिर हुसेन संघाचे अध्यक्ष व आर्यनायकम् सचिव झाले.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : समितीने शाळेचा दिवस साडेपाच तासांचा धरला. त्यापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी. संगीत, चित्रकला व गणित यांसाठी ४० मिनिटे. मातृभाषेसाठी ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांसाठी ३० मिनिटे. शारीरिक शिक्षणासाठी १० मिनिटे व विश्रांतीसाठी १० मिनिटे अशी वाटणी होती. वर्षात २८८ दिवस शाळा भरावी, अशी कल्पना होती. सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती, फळबाग व भाजीपाला, चर्मकाम यांपैकी किंवा स्थानिक परिस्थितीस अनुकूल असा एखादा उद्योग मूलोद्योग म्हणून निवडावयाचा होता. वरच्या वर्गांत हिंदुस्थानी भाषा ठेवली होती. इंग्रजीला या सात वर्षांत स्थान नव्हते. धर्मांचे शिक्षणही हेतुपुरस्सर वगळले होते, कारण ते ज्या रीतीने दिले जाते तिच्यातून ऐक्याऐवजी कलह वाढतो, अशी गांधींची धारणा होती.

या अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे समवाय. मूलोद्योग, नैसर्गिक परिसर व सामाजिक परिसर या तीन केंद्रांशी प्रत्येक विषयाचे ज्ञान जोडावयाचे, असे त्याचे सूत्र होते. उदा., टकळीवर सूत काढणारे मूल चार फुटांची एक याप्रमाणे तारा मोजते व ६४० तारांची एक गुंडी बांधते. एका गुंडीत किती फूट सूत झाले, हा गुणाकार. तासाला किती तारा निघाल्या, ही सरासरी. गुंडीच्या वजनावरून सुताचा अंक काढणे, हे प्रमाण. आणि कापूस, पेळू व सूत यांच्या वजनांतील तफावत म्हणजे घटीचा हिशेब. कापूस कोठे पिकतो, काळी माती पाणी का धरून ठेवते, हिंगणघाटची बाजारपेठ कशी वाढली, विलायती कापडाने विणकराचा धंदा कसा बुडाला, हे भूगोल, विज्ञान व इतिहास यांचे पाठ त्याच उद्योगातून निघत. रोजच्या कामाची नोंदवही लिहिणे हा भाषेचा अभ्यास होई. वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर या कापूसपट्ट्यातील मुलाला पुस्तकात प्रथमच आपले शेत आणि आपले घर दिसावे, अशी ही रचना होती.

मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी याच सुमारास विद्यामंदिर योजना आखली. गावकऱ्यांनी दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवावयाची, असे तिचे आर्थिक सूत्र होते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय १९३८ मध्ये वर्ध्यास करण्यात आली. योजनेच्या नावातील ‘मंदिर’ या शब्दावर मुस्लिम लीगने आक्षेप घेतला व १९३८ च्या पीरपूर अहवालात तिच्यावर टीका झाली. अभ्यासक्रमातून धर्म वगळला, तरी शब्दांना चिकटलेल्या अर्थांतून वाद उद्‌भवतो, हे यावरून दिसून येते. १९३९ मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर सरकारी पाठबळ ओसरले; १९४२ च्या आंदोलनात अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेने नई तालीमची व्याप्ती वाढवून तिच्यात पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी व प्रौढशिक्षण हे टप्पे समाविष्ट केले.

आक्षेप व अनुभव : योजनेवरील सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या स्वावलंबनाच्या अपेक्षेविषयी होता. परिषदेतच के. टी. शाह यांनी, शाळांतील उत्पादन कारागिरांच्या मालाशी स्पर्धा करील, अशी शंका काढली. आर्थिक बाजूवर अवाजवी भर दिल्यास सांस्कृतिक व शैक्षणिक उद्दिष्टे मागे पडतील, असा इशारा खुद्द झाकिर हुसेन समितीच्या अहवालात आहे. लहान मुलांच्या श्रमातून शिक्षकाचा पगार काढणे म्हणजे बालकामगार पद्धतीच होय, असेही टीकाकार म्हणत. समर्थकांचे उत्तर असे, की उत्पादन हे कामाच्या गुणवत्तेचे माप आहे. वाया जाणारे काम शिक्षणही देत नाही. दुसरी अडचण शिक्षकाची होती. समवाय साधण्यास उद्योगात निष्णात, अनेक विषयांत बहुश्रुत व मुलांचे मन जाणणारा शिक्षक हवा. तो नसेल तेथे एका बाजूस टकळी व दुसऱ्या बाजूस पूर्वीचेच पुस्तक, असे दोन तुकडे पडत.

तिसरी अडचण सामाजिक होती व तीच निर्णायक ठरली. उत्तर-बुनियादी शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाचे दार सहजासहजी उघडत नव्हते आणि सरकारी नोकरीसाठी मॅट्रिकचेच प्रमाणपत्र मागितले जाई. हातकामाचे शिक्षण खेड्यातल्या मुलांना व इंग्रजी पुस्तकी शिक्षण शहरातल्या मुलांना, अशी विभागणी लोकांच्या डोळ्यांसमोर होती. पिढ्यानपिढ्या श्रमच करीत आलेल्या कुटुंबांना शाळेतही श्रमच का, असे वाटले, तर त्यात नवल नव्हते. योजनेच्या मूळ ठरावात ‘सर्वत्र’ हा शब्द होता. सर्व थरांतील मुलांनी एकच अभ्यासक्रम शिकावा, अशी तिची अट होती. ती अट न पाळता तिचे उरलेले भाग राबविल्यामुळे समतेसाठी आखलेला क्रम विषमतेची खूण ठरला. हिंदुस्थानी तालीमी संघ १९५९ मध्ये सर्व सेवा संघात विलीन झाला. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव या नावाने विचाराचा काही अंश स्वीकारला. वेळापत्रकात मात्र त्याच्या वाट्याला आठवड्यातील एखाद-दुसरा तास आला.

स्वातंत्र्योत्तर काळ : वर्धा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. राज्यात प्राथमिक शाळा प्रामुख्याने जिल्हा परिषदांकडे व माध्यमिक शाळा प्रामुख्याने खाजगी संस्थांकडे अशी विभागणी दृढ झाली. १९६५ च्या अधिनियमानुसार माध्यमिक शिक्षण मंडळ, २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा आणि सेवाशर्तींविषयीचा १९७७ चा अधिनियम अशा टप्प्यांनी अनुदानित खाजगी शाळा आशयाच्या दृष्टीने सरकारी शाळेच्या अगदी जवळ आली. शिक्षकाला सुरक्षितता व नियमित वेतन लाभले आणि मुंबईपासून जाम-समुद्रपूरपर्यंत मराठी शाळांतील मुलांच्या हाती एकच क्रमिक पुस्तक आले. याची दुसरी बाजू अशी, की पूर्वी ज्या ध्येयासाठी संस्था निघाली ते ध्येय स्नेहसंमेलन, प्रार्थना व संस्थापकांची जयंती यांपुरते उरले.

शिक्षणाच्या माध्यमाविषयी शासन व खाजगी शाळा यांचा संघर्ष याच काळात न्यायालयात गेला. ६ जानेवारी १९५४ च्या आदेशाने मुंबई सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील प्रवेश मुख्यतः अँग्लो-इंडियन व आशियाबाह्य वंशाच्या मुलांपुरता मर्यादित केला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक असलेल्या बाँबे एज्युकेशन सोसायटीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा आदेश रद्दबातल ठरविला. मातृभाषेच्या प्रसाराचा हेतू स्तुत्य असला, तरी नागरिकाला प्रवेश नाकारून तो साधता येणार नाही, असा त्याचा आशय होता. कर्नाटक राज्याच्या दाव्यात २०१४ मध्ये प्राथमिक स्तरावर मातृभाषा माध्यमाची सक्ती खाजगी शाळांवर करता येत नाही, असा निर्णय झाला. संविधानाचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या संस्था चालविण्याचा हक्क देतो; अनुच्छेद २८ (३) अन्वये मान्यताप्राप्त शाळेत कोणासही संमतीवाचून धार्मिक शिक्षण घ्यावे लागत नाही. मिशन शाळांतील जुन्या वादाला मिळालेले हे घटनात्मक उत्तर होय.

प्रायोगिक शाळा : मान्य अभ्यासक्रमाच्या चौकटीत राहून किंवा तिच्या कडेने वेगळी पद्धत राबविणाऱ्या शाळांची परंपराही महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षण आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांकडे जावे, या विचारातून अंगणवाडी व कुरणशाळा निघाल्या. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला (१९६९), फलटणचे कमला निंबकर बालभवन (१९८६) व पुण्याची अक्षरनंदन (१९९२) ही अन्य उदाहरणे होत. सेवाग्राम येथे नई तालीम समितीने २००५ मध्ये आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. शेती, स्वयंपाक, सूतकताई, सफाई यांच्याशी विषय जोडण्याची जुनी रीत राज्याच्या मान्य अभ्यासक्रमाशी मेळ घालून ती चालविते. अशा शाळा संख्येने थोड्या आहेत. परंतु त्यांतून सिद्ध झालेल्या अनेक गोष्टी सरकारी पाठ्यपुस्तकांत व शिक्षक-प्रशिक्षणात पुढे उतरल्या.

स्वयंअर्थसाहाय्यित व अन्य मंडळांच्या शाळा : १९५८ मध्ये स्थापन झालेली भारतीय शालेय प्रमाणपत्र परीक्षा परिषद, १९६२ मध्ये पुनर्रचित झालेले केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ व १९६८ मधील जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट यांच्याशी संलग्न शाळा प्रारंभी मोठ्या शहरांपुरत्या होत्या. बदली होणारे नोकरदार व परदेशी शिक्षण इच्छिणारी कुटुंबे हा त्यांचा वर्ग होता. १९९० नंतर इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळा तालुक्याच्या गावांपर्यंत पसरल्या. २०१२ च्या स्वयंअर्थसाहाय्यित शाळाविषयक अधिनियमाने त्यांना निश्चित कायदेशीर चौकट दिली. या शाळांत अनुदानाचे बंधन नाही, परंतु पालकाच्या अपेक्षेचे बंधन कमी कडक नाही. फी भरणाऱ्यास इंग्रजी संभाषण, संगणक व स्पर्धा परीक्षा यांची तयारी दिसावी लागते. हातकाम, संगीत, परिसराचा अभ्यास ही त्याच्या लेखी चैन ठरते. या स्पर्धेचा दाब उलट शासनावरही पडला. महाराष्ट्रात २००० पासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू करण्यात आली, तर २०२० च्या अधिनियमाने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ने विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या. तथापि अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या निर्णयानुसार हा अधिनियम लागू होत नाही.

जाम हे समुद्रपूर तालुक्यातील गाव नागपूर–हैदराबाद महामार्गावर आहे. चंद्रपूरकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. अशा रहदारीच्या गावांच्या पंचक्रोशीत आज जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, संस्थेचे अनुदानित विद्यालय आणि मुले बसने नेणारी इंग्रजी माध्यमाची शाळा हे तीनही पर्याय पालकांपुढे येऊ लागले आहेत. अभ्यासक्रमांच्या नावांत फार अंतर नसते; अंतर असते ते भाषेत, शिक्षकाच्या स्थैर्यात आणि मूल घरी आल्यावर त्याच्या अभ्यासाशी आईवडिलांचे नाते उरते की नाही, यात. कापूस वेचणाऱ्या कुटुंबाने ऋण काढून फी भरावी आणि त्या मुलाला ना इंग्रजी धड यावी ना मराठी, अशी हानी होते तेव्हा ती कोणत्याही निकालपत्रकात उमटत नाही.

मूल्यमापन : गेल्या दोनशे वर्षांच्या अनुभवावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. खाजगी शाळा या केवळ खाजगी असल्यामुळे अभ्यासक्रमात स्वतंत्र ठरल्या नाहीत. अनुदान घेणारी शाळा शासनाच्या, न घेणारी शाळा पालकाच्या आणि दोन्ही प्रकारच्या शाळा परीक्षेच्या आधीन राहिल्या. मुलींचे शिक्षण, मातृभाषा, बालशिक्षण व श्रमाधिष्ठित शिक्षण यांचे पहिले प्रयोग मात्र खाजगी प्रयत्नांतूनच झाले, आणि त्यांना व्यापक रूप येण्यास शासनाचे बळ लागले. वर्धा योजनेचे अपयश तिच्या अध्यापनविचाराचे नव्हते. प्रवेश, नोकरी व प्रतिष्ठा यांचे नियम न बदलता केवळ शाळेतील वेळापत्रक बदलल्याने ते आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये व्यावसायिक शिक्षण, मातृभाषा व अनुभवाधारित अध्ययन यांचा पुन्हा पुरस्कार केलेला आहे. हे विषय सर्व प्रकारच्या शाळांतील सर्व मुलांना समान रीतीने लागू झाले, तरच ते टिकतील. केवळ गरिबांच्या शाळांत राहिले, तर वर्ध्याचा जुना अनुभव पुन्हा येण्याचा संभव आहे.